यादीतली दुसरी पासकी

भूतबित, संकेतबिंकेत मी मानत नाही. कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये नोंद नसेल तर ते घडलंच नाही, यावर माझं पोट चालतं! त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... तरी लिहितो.

मी कुवेतला मिरकाबमधल्या एका ऑफिसात आयटी सिक्युरिटी बघतो, राहतो हवल्लीत. फाइल एन्क्रिप्शनची तीन सॉफ्टवेअर तपासायचं काम आलं होतं — कुलूप किती पक्कं, फाइल खराब होते का, पासकी चालते का. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये राहणारी, बोटाच्या ठशाने चालणारी किल्ली. पहिल्यात पासकीच नव्हती. दुसऱ्याने मोठ्या फाइली अर्धवट सोडल्या. तिसरं मात्र झकास! खोट्या फाइली बनवायचा कंटाळा, म्हणून घरच्या लॅपटॉपवरचं एक फोल्डर चाचणीला घेतलं. रिकव्हरी कोडही मुद्दाम बंद केला, मागचं दार उघडं कशाला ठेवायचं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

त्या फोल्डरमध्ये माझ्या सासूबाई होत्या. म्हणजे नाशिकहून त्यांनी अनघाशी, माझ्या बायकोशी, केलेल्या फोनची रेकॉर्डिंग्ज. त्या गेल्यावर त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. माझी पासकी ऑफिसच्या फोनवर होती. फोन बदलला, जुना पुसून परत केला... आणि मग डोक्यात प्रकाश पडला: किल्लीही त्याच्याबरोबर पुसली गेली.

"उघडेल ना रे?" अनघाने विचारलं.

"नाही उघडणार," मी म्हटलं. फार लाज वाटत होती मला.

शुक्रवारी दुपारी मी भांडी घासत होतो. ती लॅपटॉपसमोर बसली आणि ठशाच्या बटणावर तिने नुसतं बोट ठेवलं. तिचा ठसा त्यात कधी नोंदवलेलाच नव्हता. आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला — "जेवलीस का गं?"

साबणाच्या हातांनी धावलो. फोल्डर उघडं, अनघा रडतेय. आधी सगळं कॉपी केलं, मग लॉग पाहिला. यादीत दोन पासकी. एक माझी. दुसरीचं नाव 'आईचा फोन'. सासूबाईंकडे शेवटपर्यंत बटणांचा साधा फोन होता हो!

अनोळखी किल्ली दिसली की काढून टाकायची, हा माझाच नियम. मी माऊस नेला, तर अनघा म्हणाली, "राहू दे ना. आईला बाहेर काढतोस?"

सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. असं होऊच शकत नाही म्हणाले. ऑफिसला मी कळवलं, हे घेऊ नका, भलत्याच किल्लीने उघडतं. घरी मात्र तेच ठेवलंय. त्याच कारणासाठी.