तिसरी रिंग

आमच्या कारखान्यात फोन तिसऱ्या रिंगेला उचलायचा असा नियम होता. समोर बसलेला बाहेरगावचा व्यापारी अस्वस्थ होऊन एकदा फोनकडे आणि एकदा आईकडे बघायचा. आई हात मांडीवर ठेवून निवांत बसलेली असायची. एक रिंग होऊन फोन थांबला, की ती फोनच्या पडद्यावरचा नंबर वाचायची आणि रिक्षावाल्या मामांना हाक मारायची.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. टॉवेल मागावरून उतरून कापून झाले, की कडा शिवण्यासाठी गठ्ठे बांधून पूर्व भागातल्या बायकांच्या घरी जातात. गठ्ठा शिवून झाला की बाईने ऑफिसात फोन लावायचा आणि एका रिंगेत ठेवून द्यायचा. एक रिंग म्हणजे गठ्ठा तयार, रिक्षा पाठवा. दोन रिंगा म्हणजे दोरा संपला. तिसरी वाजली तर काहीतरी बोलायचं आहे, म्हणून ती उचलायची. ही पद्धत आईने आणि अक्कांनी मिळून ठरवली होती.

अक्का म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी शिवणारी बाई. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि हात असा की टॉवेल उलटा केला तरी कळू नये कडेची सुलट बाजू कुठली. मी शाळेत असल्यापासून त्या आमचं काम करत होत्या. एवढ्या वर्षांत त्या काम मागायला कधी कारखान्यात आल्या नाहीत. त्यांनी फोन करायचा, रिक्षा यायची, जुना गठ्ठा जायचा आणि नवा यायचा. त्यांचा मान त्या व्यवहारात होता, आणि आईला तो कळत होता.

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ऑफिस माझ्याकडे आलं. मला त्या लँडलाइनची लाज वाटायची. मी एक व्हर्च्युअल नंबर घेतला. ह्या नंबराला डबा नाही, वायर नाही. लॅपटॉपवर ब्राउझर उघडायचा, कानाला हेडफोन लावायचा, फोन आला की पडद्यावरच बटन दाबून बोलायचं. मी घरी असले काय आणि बार्शीला लग्नात असले काय, सोलापूरचं ऑफिस माझ्यासोबत. जुन्या लँडलाइनवर येणारे फोनही मी त्याच नंबराकडे वळवले.

स्वागताचा निरोप मी माझ्याच आवाजात भरला. मागांचा खडखडाट नको म्हणून गोदामात टॉवेलच्या थप्प्यांमध्ये उभी राहून अकरा वेळा रेकॉर्डिंग केलं. नमस्कार, ऑर्डरसाठी एक दाबा, पाठवलेल्या मालाच्या चौकशीसाठी दोन दाबा, इतर कामासाठी तीन दाबा. कोणी काहीच दाबलं नाही तर निरोप पुन्हा एकदा वाजायचा आणि फोन बंद व्हायचा. असे फोन माझ्याकडे वाजायचेच नाहीत, 'अपूर्ण' नावाच्या वेगळ्या पानावर जाऊन पडायचे. ते पान मी कधी उघडलं नाही. कर्ज हवंय का विचारणारेच असतील तिथे, असं मी धरून चालले होते. मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा होता, तर आता आमचा फोन पहिल्याच रिंगेला उचलला जातो ह्याचा.

शिवणाऱ्या बाकीच्या बायका तरुण. त्या माझ्या मोबाइलवर मेसेज टाकायच्या, गठ्ठ्याचा फोटोसुद्धा पाठवायच्या. अक्कांकडे साधा बटनांचा फोन होता. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यांना जाऊन काही सांगावं असं मला सुचलं नाही, आणि ह्याला मी आजही दुसरं कारण देऊ शकत नाही.

पंधरा दिवस गेले, महिना गेला, अक्कांचा गठ्ठा आला नाही. मला राग आला. दुसऱ्या कारखान्याचं काम धरलं असणार आणि आपल्याला साधं कळवलंही नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. आईने विचारलं तेव्हा हेच सांगितलं.

आई म्हणाली, "ती न सांगता सोडणारी न्हाई."

तिचा जमाना वेगळा होता, असं काहीतरी मी बोलले. नंतर एकदा रिक्षावाले मामाही म्हणाले, की अक्का रस्त्यात भेटल्या होत्या, रिक्षा का येत नाही म्हणून विचारत होत्या. मी हिशोबाच्या वहीतून मान वर न करता म्हटलं, त्यांना फोन करायला काय झालं? अक्कांच्या वाटचं काम मी दुसऱ्या बाईला देऊन टाकलं.

मी स्वतः एक फोन लावला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण फोन त्यांनी करायचा असतो, ही रीत मला त्या वेळी बरोबर आठवली.

तीन महिन्यांनी बार्शीचा एक व्यापारी भांडला, की दोन दिवस फोन करतोय, तुमची बाई नुसती पाढे म्हणते. त्याचा नंबर शोधायला मी पहिल्यांदा 'अपूर्ण'चं पान उघडलं. व्यापाऱ्याचा नंबर दोनदा होता. बाकी खालपर्यंत एकच नंबर होता, तो मलाही पाठ होता.

सुरुवातीचे फोन दोन-दोन सेकंदांचे, रोज सकाळी दहाच्या सुमाराचे. एक रिंग द्यायला गेल्या असतील आणि पलीकडे लगेच आवाज आला म्हणून दचकून ठेवला असेल. मग वीस सेकंद, मग चाळीस, म्हणजे निरोप दोन्ही वेळा संपेपर्यंत. मग आठवड्याला एक. मग नाही. मी ते पान वर-खाली करत बसले. हेडफोन कानातच होता, त्यात काहीही वाजत नव्हतं.

त्याच दुपारी मी मामांच्या रिक्षातून पूर्व भागात गेले. अक्का दारातच विड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सरकवलं, मला आत घेतलं, चहा टाकला. जिथे त्यांची शिलाई मशीन असायची तिथे भिंतीवर तिच्या उंचीएवढा फिकट चौकोन होता. मशीन लेकीला देऊन टाकली, त्या म्हणाल्या, नुसती बघवत नव्हती. मग कॉटखालून त्यांनी गठ्ठा ओढला. चादरीत बांधलेला, वर धूळ बसू नये म्हणून आणखी एक कापड. एकूण एक टॉवेलची कड शिवलेली होती.

मी सगळं सांगितलं. ब्राउझर, नंबर, निरोप, न उघडलेलं पान. चूक माझी आहे म्हटलं, दोनदा म्हटलं. अक्का माझ्याकडे बघत ऐकत होत्या. त्यांना त्यातली एकच गोष्ट लागली.

"मशीन होती व्हय ती? तुमचाच आवाज होता की. मला वाटलं तुमीच बोलायलाव."

मी मान हलवली.

"मी आदी आईंचं विचारायचे. गुडगे कसे हाईत, चालालेत का म्हणून. मग गठ्ठ्याचं सांगायचे. तुमी आपलं मदीच एक दाबा, दोन दाबा. म्हटलं ताई आता लई मोठ्या झाल्या, आपलं कशाला ऐकतील."

त्या हसल्यासारखं करून चहा गाळायला उठल्या. मी लेकीकडून मशीन परत आणायचं म्हटलं, नवी घेऊन देते म्हटलं. त्यांनी नको म्हटलं. डोळ्याला आता कड नीट दिसत नाही, असं म्हणाल्या. गठ्ठ्यातली शिलाई मी पाहिली होती. डोळे चांगले होते त्यांचे. मला अवघडायला नको म्हणून त्या तसं म्हणाल्या, आणि त्याने मला जास्तच मेल्यासारखं झालं. गठ्ठा त्यांनी स्वतः उचलून रिक्षात ठेवला.

निरोप मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. आता फोन सरळ वाजतो, आणि पडद्यावरचं बटन मी तिसऱ्या रिंगेशिवाय दाबत नाही. एका रिंगेत फोन ठेवणारं कोणी उरलेलं नाही, तरी मोजते.

त्या दिवशी अक्कांकडून घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. वॉकर तिच्या बाजूला होता. गठ्ठा बघून तिला सगळं कळलं असावं, कारण तिने कामाचं काही विचारलंच नाही.

"काय म्हणाली अक्का?"

"तुझे गुडघे कसे आहेत, विचारत होत्या," मी म्हटलं. "तीन महिने विचारत होत्या."

आईने गठ्ठ्यावरचं कापड काढलं, वरचा टॉवेल घेतला, कडेवरून बोट फिरवलं.

"मग सांगितलंस ना, चालते म्हणून?"

दोन तास मी अक्कांपुढे माझी चूक सांगत बसले होते. हे सांगायचं राहूनच गेलं होतं.