चाकांवरचं चामडं

“चाकांना हे काय लावलंय?” सुहासच्या आईनं, काकूंनी, विचारलं.

त्यांच्या एका हातात हळदीकुंकवाचं ताट होतं आणि दुसऱ्या हाताचं बोट चाकावर टेकलेलं होतं. खंडेनवमी होती. बंगळूरभर आयुधपूजा चालली होती, रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. सुहासच्या जयनगरच्या घरी, पोर्चमध्ये, आमच्या रोबोची पूजा व्हायची होती. दसरा उलटला की कॉलेजांची स्पर्धा.

“चामडं आहे, काकू,” मी म्हणालो. “माझ्या अप्पांनी कापून दिलंय. आनेकलला बसस्टँडजवळ चपला शिवतात ते.”

सरळ सांगितलं. यात लपवण्यासारखं काही आहे हे डोक्यातच नव्हतं.

काकूंनी बोट उचललं. नळाशी जाऊन हात धुतला. परत आल्या आणि सुहासला म्हणाल्या, “हे काढायला सांग त्याला. आणि म्हणावं, जरा फाटकाबाहेर थांब. पूजा झाली की बोलावू.”

मी हातभर अंतरावर उभा होतो. तरी निरोप मुलाकरवी.

आम्ही तिघं होतो. सुहास, मंजुनाथ आणि मी. सुहासचे आईवडील पुण्याहून आलेले. कॉलेजात त्यानं मला घरच्या फोनवर मराठी बोलताना ऐकलं आणि खांद्यावर हात टाकला. म्हणाला, “तू मराठी? मग घरचाच माणूस.” आमची माणसं इथं कित्येक पिढ्यांपूर्वी आलेली. आमच्या मराठीत वाक्यावाक्याला कानडी ‘सरी’ आणि ‘स्वल्प’. त्यावर तो हसायचा. मीही हसायचो. घरच्या माणसानं चेष्टा केली तर काय बिघडतं, असं वाटायचं.

स्पर्धेचा खेळ असा. मध्ये लाकडी चौथरा, त्यावर टेनिसचे चेंडू. दोन्ही बाजूंनी चढण. रोबोनं चढून जायचं आणि चेंडू आपल्या खड्ड्यात पाडायचे. बहुतेक संघ चिमट्याचा हात करत होते, एकेक चेंडू उचलणारा. दिसायला झकास, कामाला मंद. मी म्हटलं, आपल्याला हात नकोच. बुटका, जड रोबो करू, पुढे रुंद फळी. आधी वर पोचायचं, सगळे चेंडू एकदम लोटायचे आणि समोरच्याच्या चढणीच्या तोंडावर ठाण मांडून बसायचं. त्याला वर येऊच द्यायचं नाही.

अडचण चढणीची होती. तिला ऑइलपेंट मारलेला, वर हॉलची धूळ. सायकलच्या ट्यूबचं रबर धूळ धरायचं आणि घसरायचं. मग मी अप्पांकडून चामड्याच्या पट्ट्या आणल्या, खरखरीत बाजू बाहेर ठेवून चिकटवल्या. रोबो चढून गेला. सुहासनं त्या दिवशी मला मिठी मारली होती.

आणि आता तोच सुहास माझ्याकडं न बघता म्हणत होता, “काढ ना पटकन. मला काही प्रॉब्लेम नाहीये रे. आई ऐकणार नाही.”

मी काढल्या. माझ्याच हातांनी, एकेक सोलून. खिशात कोंबल्या आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. काकूंनी रोबोवर पाणी शिंपडलं. पोर्चमधून आतला दिवाणखाना दिसत होता. तिथं चौरंगावर सुहासच्या वडिलांची तबल्याची जोडी पूजेला मांडली होती. तिच्यावर हळदकुंकू होतं, शेवंतीची फुलं होती.

तबल्याला काय केळीचं पान ताणून लावतात?

त्याच सकाळी आमच्या घरी अप्पांनी चामडं शिवायची आरी आणि कापायची रापी धुऊन पाटावर ठेवली होती. त्यांनाही झेंडू वाहिला होता. सण एकच होता. आणि मी फाटकाबाहेर उभा होतो. मंजुनाथनं प्रसादाचे चुरमुरे कागदात बांधून बाहेर आणून दिले. मी ते गटारात टाकले.

स्पर्धेला तरीही गेलो. रोबो माझा होता.

पहिल्याच फेरीच्या आधी सरावाला वेळ दिला. रबराची चाकं अर्ध्या चढणीवर गरगर फिरली आणि रोबो मागं घसरत खाली आला. दुसऱ्यांदा तेच. सुहासनं मला हॉलच्या कोपऱ्यात ओढलं.

“पट्ट्या आहेत ना तुझ्याकडं? लाव पटकन.”

“पूजा झालीय ना त्याची?”

“अरे, इथं कोण बघतंय? मॅच झाली की काढून टाकू. आईला कळणार पण नाही.”

फाटकाबाहेर काढलं तेव्हा अपमान झाला होता. किळस आता आली. काकू निदान उघड उघड हात धुऊन आल्या होत्या. याला माझं चामडं हवं होतं, अंधारात. जिंकेपर्यंत.

“लावतो,” मी म्हणालो. “परीक्षकांना सांग, चामडं आनेकलच्या चांभारानं कापलंय, त्याच्या पोरानं लावलंय. आणि घरी गेल्यावर आईलाही सांग. आहे कबूल?”

तो हसला. “सीन करू नकोस. टीमचा विचार कर.”

मंजुनाथ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडको, गुरू.”

थोडं जुळवून घे. या शहरात ज्याच्या मानेवर पाय असतो त्यालाच हे सांगतात. पाय ठेवणाऱ्याला कुणी सांगत नाही.

“नाही लावत,” मी म्हणालो, आणि प्रेक्षकांत जाऊन बसलो.

रोबो चढला नाही. समोरच्या संघाचा चिमटेवाला आरामात वर गेला आणि एकेक चेंडू उचलून टाकत राहिला. लोक टाळ्या वाजवत होते. मला आनंद झाला नाही, उलट रडू आलं. त्या फळीचा कोन मी काढला होता, वजन मी बसवलं होतं. माझंच काम खाली घसरत होतं आणि मी ते बघत बसलो होतो. बाहेर पडताना सुहास कुणाला तरी सांगत होता, “शेवटी जातीवर गेला.” मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

घरी अप्पांना सगळं सांगितलं. ते चपलेला टाका घालत होते. मान वर न करता म्हणाले, “लावून टाकायचंस रे. नंबर आला असता. आपण काय, करून देणारी माणसं.”

“नाही, अप्पा,” मी म्हणालो.

अप्पांवरही राग आला, आणि अप्पांना असं बोलायला शिकवणाऱ्या सगळ्यांवर त्याहून जास्त. तेव्हाच ठरवलं. माझ्या हातचं ज्याला हवं, त्यानं मला नावानिशी दारातून आत घ्यावं, सगळ्यांदेखत. लपवून वापरायला मी काही देणार नाही. हरलो तरी नाही. माझ्या बापानं सांगितलं तरी नाही.