गोमुखी घराचे दोन कोपरे

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, घरांचे कोपरे ओढते. लोकांना वाटतं थट्टा करतेय. पण खरंच तेवढंच आहे. ड्रोननं वरून काढलेल्या फोटोंवरून कॉम्प्युटरमध्ये शहराचा उभा नकाशा तयार होतो. त्यात प्रत्येक घर म्हणजे एक ठोकळा. ठोकळ्याचे कोपरे चुकले असले की ते माउसनं धरून जागेवर आणायचे. येरवड्यातल्या आमच्या ऑफिसात दिवसभर मी हेच करते. मुलं कॉलेजात गेल्यावर, पंचेचाळिशीत शिकले. सुरुवातीला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम पसंत पडलं तर पुढे, नाही तर नमस्कार.

हात बसला तशी मी शेफारले. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की वाकडंतिकडं घर झटक्यात काटकोनात येतं. चार कोपरे ओढत कोण बसतंय! इतरांची वीस घरं होईपर्यंत माझी चाळीस व्हायची. साहेब सगळ्यांसमोर कौतुक करायचे आणि मी मान खाली घालून मनात म्हणायचे, अगं बाई, तू तर हुशारच निघालीस की!

मग एक दिवस विश्रांतवाडीच्या पलीकडच्या, आता शहरात आलेल्या एका गावातून एक काका आले. डोक्यावर टोपी, हातात सुतळी. रस्तारुंदीचा कच्चा नकाशा आमच्याच ठोकळ्यांवरून झाला होता, आणि त्यातली लाल रेघ त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतून गेली होती. त्या खोलीत त्यांची पिठाची गिरणी. रेघ पक्की झाली की खोली पाडणार, आणि पक्की व्हायला आठच दिवस उरले होते. साहेबांनी त्यांना माझ्या टेबलाशी पाठवलं.

"ताई, घर गोमुखी हाय आमचं," ते म्हणाले. "पुढं निमुळतं, मागं रुंद. तुमी त्याचं खोकं केलंय."

मी पडले पुण्याची. तोंड आवरेल तर शपथ. "अहो काका, ड्रोनचं काय तुमच्याशी वैर आहे, खोटं सांगायला?"

"खोटं न्हाई सांगत. पर त्येला दिसलं का?" असं म्हणून त्यांनी सुतळीचे दोन तुकडे टेबलावर सोडले. हाताहातावर गाठी मारलेल्या. मागच्या भिंतीच्या मापाला वीस गाठी, पुढच्या भिंतीच्या मापाला तेरा.

मी फणकाऱ्यानंच त्यांचं घर पडद्यावर उघडलं. एरवी मी वरूनच बघायचे, तसं काम भराभर होतं. या वेळी ठोकळा फिरवून समोरून बघितला. पुढचे दोन्ही कोपरे चिंचेच्या झाडात घुसलेले! तिथे भिंत नव्हतीच. फोटोत पुढचा भाग चिंचेखाली झाकला होता आणि मागची भिंत तेवढी दिसत होती. मी न बघता बटण दाबलं होतं, आणि चिंचेचा घेरही घरातच धरून मागची रुंदी सरळ रस्त्यापर्यंत आली होती. स्वतःचा इतका राग आला की पाणी प्यायला म्हणून उठले आणि तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन स्वतः गेले. एक टोक काकांनी धरलं, एक मी. गिरणी बंद होती. काकूंनी आठवड्यापासून दळण घेणंच थांबवलं होतं. "लक्ष लागत न्हाई कशात," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकला. माझ्या घरावर कुणी अशी रेघ मारली असती, तर मी त्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं. त्या बाईनं मला आलं घातलेला चहा दिला, वर बशीत दोन खारी.

ऑफिसात येऊन कोपरे आत घेतले. खालचे ओढले तर वरचे जागचे हलेनात, भिंत आपली कलंडलेली. मग वरचेही एकेक करून हातानं आणले. घर रेघेपासून चांगलं हातभर मागे आलं. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती मंजूर झाली.

तेव्हा साहेबांनी काकांना बोलावून एक फॉर्म पुढे ठेवला. चूक कुणाची, ते लिहून द्या म्हणाले. माझे सहा महिने भरायला पंधरा दिवस होते. काकांनी फॉर्म वाचला, उलटून पाहिला आणि परत सरकवला. "कुनाची लिवू? चिंच आडवी आली."

मी त्यांना जिन्यात गाठलं. डोळे भरून आले होते, ते लपवलेही नाहीत. "काका, फार उपकार झाले हो तुमचे. पण मला का वाचवलंत?"

"तुमाला वाचवाया न्हाई," ते म्हणाले. "तुमाला काढलं की नवं मानूस येनार, आन ते पुन्हा तेच बटन दाबनार. तुमी आता दाबनार न्हाई. आन ताई, झाडाखाली काय आमचं एकट्याचंच घर हाय व्हय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तशीच वर गेले आणि त्या भागातली, झाडांखालची, माझ्या हातची सगळी घरं उघडून समोरून बघितली. आणखी सतरा घरं झाडांत घुसलेली निघाली. त्यांतल्या पाचांवरून लाल रेघ गेली होती. त्या पाच घरांतलं कुणीही आमच्या ऑफिसात आलं नव्हतं.