रिकाम्या कपांचा पंचनामा

कपात चहा ओतला, की शिष्टर त्यावर आपला तळहात झाकणासारखा धरायच्या. "अगोदर सांगा, मंग प्या." समोरचा म्हातारा कितीही कासावीस होवो, आठवण बाहेर पडल्याशिवाय हात हलायचा नाही. त्या हाताला चटका कसा बसत नव्हता, हे मला विचारू नका. जन्मभर उकळत्या पाण्यातून सुया काढलेला हात तो. तुमच्याआमच्या चहाची त्याला काय मातब्बरी!

चाकूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या दवाखान्यात मी कंपाउंडर आणि शिष्टर तिथल्याच रिटायर नर्स, मूळच्या मुदखेडच्या. रिटायर झाल्या तरी सकाळी नऊला हजर. कारण दवाखान्याच्या ओट्यावर रोज वीसेक म्हातारी माणसं येऊन बसायची आणि दोन-तीन दमेकरी सोडले, तर त्यातल्या एकालाही आजार नसायचा. घरात कोणी बोलत नाही, एवढंच दुखणं. त्याची गोळी माझ्या कपाटात सापडेना, तेव्हा शिष्टरांनी घरून स्टोव्ह आणला आणि रोज एक सवाल टाकायला सुरुवात केली. पहिला चहा कुठं प्यालात? पोरगी बघायला गेलात तेव्हा कपबशी कोणी आणली, आणि हात कोणाचा थरथरला? एका आजोबांची गोष्ट तीन दिवस चालली आणि तीन दिवस त्यांचा कप शिष्टरांच्या हाताखाली गार होत राहिला. दमेकरी तर दोन महिन्यांत खोकायचंच विसरले. खोकलं की मधे दुसरा घुसायचा ना!

तेवढ्यात आमचा जिल्हा बदलला. आम्ही बसल्या जागेवरून उस्मानाबादेतून लातुरात आलो, तेही बिनतिकीट. नव्या जिल्ह्याचा पायगुण म्हणा, पाऊसच पडेना. दुष्काळ असा, की विहिरीत सोडलेली बादली धूळ झटकत वर यायची. नदीत म्हशी बसायच्या, पण निव्वळ सवयीनं. कावळे खिडकीत बसून सलाईनच्या बाटलीकडं टक लावायचे.

पाणी गेलं, मग दूध गेलं. मी म्हणालो, "शिष्टर, आता बंद करा."

"काहून? कप हायेत की!"

आणि खोटं वाटेल तुम्हाला, रिकाम्या कपांवर वर्ग सुरू राहिला. एकानं चहा सांगायचा, बाकीच्यांनी प्यायचा. आलं किसल्यापासून सांगायचं. उकळी आली, की वीस माणसं एकदम फुर्रर्र करायची. एका आजीची तर जीभ भाजली. मी स्वतः ग्लिसरीन लावलंय.

त्यात एक काशिनाथ आप्पा. बायको गेल्यापासून दोन वर्षं हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. रोज यायचे, कप धरून बसायचे, जायचे. एका सकाळी ते अचानक म्हणाले, "आमची मंडळी चहा करायची..."

आप्पांनी तो चहा असा सांगितला, की माणसं मिशा पुसू लागली.

नेमकी तेव्हाच टँकर द्यायचा की नाही ते बघायला आलेल्या साहेबाची जीप समोर उभी राहिली. साहेबानं आतूनच पाहिलं. वीस म्हातारी माणसं, वीस कप, फुंकर घालून प्यायला बसलेली. खाली न उतरता, मोठ्यानं म्हणत त्यानं शेरा मारला: 'पाणी मुबलक. वृद्धसुद्धा चहा पिताना आढळले. टँकरची गरज नाही.'

शिष्टर पळत जाऊन जीपपुढं उभ्या राहिल्या. साहेबाला ओढून आणून त्यांनी पुढचे चार-पाच कप उलटे करून दाखवले.

"पण मी डोळ्यांनी पाहिलं ना, बाई!"

"मंग आमचं काम चांगलं चालू हाय म्हणायचं."

साहेब घाम पुसत म्हणाला, "शेरा खोडायचा तर पंचनामा लागेल. माझा कप रिकामा होता, असा प्रत्येकाचा अंगठा. एक जरी कमी पडला तरी टँकर नाही."

अंगठे भराभरा उठले. एकोणीस झाले. आप्पांनी हात काखेत घातले.

"माझ्या कपात च्या हाय."

"बाबा, येड लागलं का?" त्यांचा मुलगा ओरडला. "टँकर चाललाय!"

"जाऊ दे. दोन वर्सांनी तिनं च्या दिला, अन् रिकामा म्हणू व्हय?"

बायाबापड्या घागरी घेऊन जमल्या होत्या. कोणी हात जोडले, कोणी शिव्या दिल्या. मुलानं बापाचा हात धरून शाईकडं ओढला.

"सोडा त्यांना," शिष्टर म्हणाल्या, आणि आप्पांशेजारी टेकल्या. कपात वाकून बघितलं. "आप्पा, अर्धा उरलाय की. मला देता?"

तो कप आप्पा घरून आणायचे. शिष्टर बौद्ध, आप्पा पाटलाच्या घरचे. शिष्टरांच्या कपबशीला त्यांनी कधी ओठ लावला नव्हता, आणि त्यांच्या कपाला दुसऱ्या कोणी.

आप्पांनी शिष्टरांकडं बघितलं. धोतराच्या सोग्यानं कपाचा काठ पुसला आणि पुढं केला. "ऊन हाय. सांभाळून."

शिष्टर सावकाश प्याल्या. तीन घोट. मधे थांबून नाक ओढलं. मग कप उपडा केला. एक थेंब पडला नाही.

आप्पा बराच वेळ आत बघत राहिले. "हां. आता रिकामा झाला," असं म्हणून त्यांनी अंगठा टेकवला. साहेबानं पंचनाम्यात प्रामाणिकपणे लिहिलं: 'एक कप तपासणीदरम्यान रिकामा झाला.'

टँकर चौथ्या दिवशी आला.

पुढं पाऊस झाला, आप्पा गेले, आणि गुडघे थकले तशा शिष्टरही मुदखेडला भाचीकडं निघाल्या. मी एसटीत त्यांची ट्रंक ठेवली. मग खिडकीखाली उभा राहून, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. "शिष्टर, खरं सांगा. त्या दिवशी कपात काय होतं?"

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. शिष्टर खिडकीतून वाकल्या. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत.

"धूर लागला होता जरासा," त्या म्हणाल्या. "लाकडं वली असतील बिचारीची."