हळूभाऊंची टकटक

हळूभाऊंना कुणी खरं नाव विचारलं, तर त्यांना क्षणभर आठवावं लागे. सव्वीस वर्षं ते प्रयोगशाळेतली कोळ्यांची खोली सांभाळत होते. तिथे चपला बाहेर, बोलणं कुजबुजीत, दार लावायचं ते मांजरालाही कळू न देता. कारण डब्यातल्या वाळक्या पानावर नर कोळी पाय आपटून ठेका धरी आणि मादी तो पायांनी ऐके. बाहेरून जरा धक्का लागला की मैफल मोडली. ठेका दमदार असला तर संसार, नाहीतर नवरदेवाचाच नाश्ता. हजारो पिढ्या माद्यांनी दमदार वाजवणारेच निवडले, म्हणून आजचा नखाएवढा नरही जन्मतःच तालात असतो, हे हळूभाऊ असं सांगत, जणू ते मुलाकडचे आहेत.

डब्यांची मलमलीची झाकणं शिवून द्यायची कोपऱ्यावरची शिवणवाली. एकटी बाई, प्रत्येक नाडीला एक टाका जास्तच घालायची. त्या जास्तीच्या टाक्यात हळूभाऊ पन्नाशीला अडकले.

"भाऊजी, विचारून टाका एकदाचं," वहिनी म्हणाल्या. "खाणार थोडीच आहे?"

"तेच तर नक्की माहीत नाही."

रविवारी दुपारी त्यांनी तिच्या दारावर टकटक केली. आत मशीन थांबलं. उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत राहिले. दार उघडलं नाही. असे तीन रविवार गेले.

"तिच्या मनात नाही," ते घरी येऊन म्हणाले.

"टकटक कशी केलीत, दाखवा बघू." वहिनींनी टेबल पुढे केलं आणि वाट बघत राहिल्या. "करा ना."

"केली की."

वहिनींनी कपाळाला हात लावला.

शनिवारी एका डब्यात मादी पाठ फिरवून बसली होती. एवढासा नर वाजवायचा, थांबायचा, पुन्हा वाजवायचा. हळूभाऊ स्वप्नात असल्यासारखे बघत राहिले. शेवटी मादी वळली.

चौथ्या रविवारी त्यांनी तळहातानं दार बडवलं. शेजारच्या खिडकीवरची कबुतरं उडाली. दार लगेच उघडलं.

"तीन रविवार दाराखालून तुमचे पाय दिसत होते," शिवणवाली म्हणाली. "मशीन थांबवून बसायची मी."

"मग उघडलं का नाही?"

"म्हटलं, बघू तरी किती दम आहे."

हळूभाऊ सवयीनं चपला काढायला वाकले.

"राहू द्या," ती म्हणाली. "घरात कुणी चाललेलं ऐकू येऊ दे जरा."