मैद्याचा कोल्हापूर जिल्हा

"सर, राधानगरी वाहून गेलं!"

ओंकार ओरडला आणि नववी 'ब'चा सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. टेबलावर प्लायवूडचा बोर्ड होता आणि बोर्डावर मैद्याचा कोल्हापूर जिल्हा. आम्ही नुकतंच त्याच्या पश्चिमेला बाटलीभर पाणी ओतलं होतं. पाणी नद्यांमधून वाहत पूर्वेकडं जावं, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात राधानगरीचे डोंगर विरघळले, त्यांची पांढरी खळ झाली आणि ती करवीर तालुका बुडवून टेबलावरून फरशीवर पडायला लागली.

नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक भोसले सर दारात आले.

"घाटगे सर, ही शाळा हाय का बेकरी?"

"भूगोल चाललाय सर."

"चाललाय ते दिसतंय. फरशीवरनं चाललाय."

पोरं हसली. मीही हसलो असतो, पण तेवढी सवड नव्हती. त्या बोर्डावर एका मुलीचं बरंच काही अवलंबून होतं.

मी मंगळवार पेठेतल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. त्या वर्षी जूनमध्ये माझ्या वर्गात सानिका चौगुले आली. मूळची कुरुंदवाडची. वडील दूध डेअरीत सुपरवायझर, त्यांची बदली झाली म्हणून कुटुंब कोल्हापुरात आलेलं. सानिकाला जन्मापासून दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. ब्रेल झरझर वाचते, बाकीचा अभ्यास मोबाईलवर ऐकून करते. तोंडी प्रश्न विचारला की पहिला हात तिचाच. आणि तोंड असं, की कुणाला उधार ठेवत नाही.

नकाशाचा तास मात्र तिला नसायचा. परीक्षेत अशा मुलांना नकाशाच्या प्रश्नाऐवजी दुसरा प्रश्न देतात. सवलत चांगल्या हेतूनं आहे. म्हणून मीही पहिल्या नकाशाच्या तासाला तिला म्हणालो, "सानिका, तुला हे माफ आहे. तू निवांत बस."

ती म्हणाली, "माफ म्हंजे काय सर? मला काय गाव न्हाय का?"

मी फळ्याकडं वळलो.

पुढं ऑगस्टमध्ये नद्यांचा धडा आला. कोल्हापुरात पुराचा विषय निघाला की वर्ग जागा होतो, कारण प्रत्येकाच्या घरी एक तरी गोष्ट असते. सानिका उठून म्हणाली, "आमच्या कुरुंदवाडात पाऊस नसला तरी पूर येतोय. अंगणात ऊन, आणि घाटावर पाणी चढतंय."

वर्ग हसला. पाऊस नाही आणि पूर? मी पोरांना गप्प केलं आणि सांगितलं की ती बरोबर बोलतेय. पाऊस पश्चिमेला डोंगरात पडतो, पाणी उतरत उतरत पूर्वेला सपाटीवर येतं. 'असं उतरतं' म्हणत मी हात वर केला आणि हळूहळू तिरका खाली आणला. सगळ्या भूगोलाच्या मास्तरांना ही सवय असते.

"सर," सानिका म्हणाली, "तुम्ही आत्ता हात करून दाखवलासा न्हवं? 'असं' म्हणालासा, त्यावरनं कळलं. मला त्यो हात कसा दिसणार?"

त्याच आठवड्यात भोसले सरांनी मला ऑफिसात बोलावलं. सानिकाचे वडील येऊन गेले होते. त्यांना मुलीचा दाखला हवा होता. पुण्याला अंध मुलींची शाळा आहे, तिथं हॉस्टेलला ठेवणार म्हणत होते. पुढच्या शनिवारी अर्ज घेऊन येणार होते.

यात वाईट काहीच नव्हतं. तिथं खास साधनं असतात, शिकवणारी तयार माणसं असतात. मी मधल्या सुट्टीत सानिकाला विचारलं, "तुला जायचंय?"

"न्हाय."

"मग वडिलांना सांगितलंस का?"

"सांगितलं. ते म्हणाले, भूगोलाला बसून, भूमितीला बसून, चित्रकलेला बसून. या शाळेत तू नुसती बसूनच असतीस." तिनं डब्याचं झाकण लावलं. "आणि ते खरं हाय की."

घरी गेलो तो डोक्यात तेच. तिला हातानं कळेल असा नकाशा पाहिजे होता. दुकानात रंगीत क्लेचे डबे मिळतात, पण ते एवढेएवढे. अख्ख्या जिल्ह्याला कुठून पुरणार? शेवटी बायकोला म्हटलं, "जरा मैदा मळून देतेस का? कोल्हापूर जिल्हा करायचाय."

"किती जणांचा?" ती म्हणाली.

सगळं ऐकल्यावर मात्र तिनं मला स्वतःच मळायला बसवलं. मैदा, त्याच्या निम्मं मीठ, थोडं तेल, लागेल तसं पाणी. मीठ एवढं कशाला, तर गोळा टिकतो आणि पोरं खात नाहीत. गोळा घट्ट पाहिजे, पुरीच्या पिठासारखा. माझा पहिला गोळा हाताला चिकटला तो सुटेना. दुसरा बरा जमला.

मी घरीच बोर्डावर जिल्हा थापला. अगदी मापानं, पुस्तकातल्या प्रमाणात. दुसऱ्या दिवशी सानिकाच्या पुढ्यात ठेवला. तिनं दोन्ही तळवे वरून फिरवले, एकदा, परत एकदा.

"सर, हे धपाटं हाय."

चूक माझ्या हिशोबात होती. जमिनीच्या उंचसखलपणाला आम्ही उठाव म्हणतो. जिल्ह्याची लांबी-रुंदी एवढी मोठी, की त्याच प्रमाणात उंची घेतली तर अख्खा सह्याद्री बोर्डावर धपाट्याच्या जाडीचा होतो. म्हणून असं मॉडेल करताना आडवं प्रमाण तेच ठेवतात आणि उंची मुद्दाम वाढवतात. हे मी पोरांना दरवर्षी शिकवतो. करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

मग ठरवलं, आता वर्गानंच करायचं. गट पाडले, तालुके वाटले. सानिकानं गगनबावडा मागून घेतला. तिथं सगळ्यात जास्त पाऊस पडतो हे तिला पाठ होतं. ओंकार चंदगडचा, त्यानं चंदगड सोडला नाही. गोळे मळताना वर्गात जो कालवा झाला, त्याचा विषय शेजारच्या वर्गातल्या मॅडम अजून काढतात. पण एक गोष्ट बघितली. एरवी सानिकाला सगळे सांभाळून घ्यायचे, वाट दाखवायचे. इथं तिला कुणी सांभाळत नव्हतं. "ए सानिका, तुझा डोंगर माझ्या पन्हाळ्यात घुसलाय, काढ की!" असं खुशाल भांडण चाललं होतं. ती म्हणत होती, "तुझा पन्हाळाच बुटका हाय."

नद्यांच्या जागी पेन्सिलीनं चर पाडले. गावांच्या जागी शर्टाची बटणं दाबली. आणि पाणी ओतलं. त्याचं काय झालं, ते वर सांगितलंच आहे.

फरशी पुसून झाल्यावर भोसले सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "घाटगे, शनिवारी तिचे वडील येणार. त्यांना काय दाखवणार? ही खळ? तुमचा पोर्शनबी मागं पडलाय. कशाला जीव काढताय?"

ते बरोबर होते. मी वर्गात परत गेलो आणि म्हणालो, "हे काय पाण्याला टिकत नाही. पाणी न ओतता दाखवू."

"मग पूर कसा कळणार?" सानिका म्हणाली. "भाजूया की सर. भाजल्यावर कुठं विरघळतंय?"

शाळेच्या मागच्या गल्लीत रफीकभाईंची बेकरी आहे. मी आणि ओंकार गेलो. रफीकभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मास्तर, हे खायचं न्हवं?"

"नाही."

"आणि बोर्डासकट भट्टीत घालायचं? बोर्ड जळून कोळसा हुईल. तुकडं करून आणा. पाव निघाले की भट्टी उतरणीला लागती, तवा घालू. आचेला घाई केली की तडकणार बगा."

मग आम्ही सगळा जिल्हा पुन्हा केला, या वेळी तालुक्यांचे सुटे तुकडे. पत्र्याच्या ट्रेमध्ये, पावांच्या जागी, शिरोळ, कागल, आजरा असे ओळीनं ठेवले. रफीकभाई दर थोड्या वेळानं झाकण उघडून बातमी द्यायचे, "पन्हाळा फुगलाय. हातकणंगले मस्त. शाहूवाडी जरा करपली बगा."

करपलेली शाहूवाडी चालून गेली, तसंही तिथं जंगलच दाखवायचं होतं. भुदरगडला भेग गेली ती रंगारी भिंतीला भरतात त्या लांबीनं बुजवली. बोर्डावर सगळे तुकडे चिकटवले आणि वरून ऑईल पेंटचे हात दिले. शनिवारी सकाळी रंग अजून थोडा चिकटत होता. बोर्डाची पूर्वेची बाजू थोडी उतरती ठेवली.

चौगुले आले. अर्ज लिहूनच आणला होता. "सर, हा कुणाकडं द्यायचा?"

"घेतो की. आधी जरा वर्गात चला."

भोसले सरही मागोमाग आले. पोरं भिंतीला लागून उभी होती. सानिका बोर्डाजवळ होती.

"पप्पा, हात द्या," ती म्हणाली आणि त्यांचा तळवा डोंगरावर ठेवला. "हे गगनबावडा. म्या केलंय. आता इथं पाऊस पडणार. ओंकार, वत."

ओंकारनं तांब्याची धार गगनबावड्यापासून पश्चिमेच्या सगळ्या डोंगरांवर फिरवली. सानिकानं आपलं बोट पार दुसऱ्या टोकाला, कुरुंदवाडच्या बटणावर ठेवलं. पाणी कुंभीतून आलं, कासारी, तुळशी, भोगावतीतून आलं. सगळ्यांची मिळून पंचगंगा झाली आणि कोल्हापूरच्या बटणाला वळसा घालून निघाली. पुढं उतार संपला आणि पाणी रेंगाळलं. तेवढ्यात मी वरून कृष्णेच्या चरात पाणी सोडलं. दोन्ही नद्या भेटल्या. कृष्णा भरून आली तशी पंचगंगेला पुढं जायला जागा उरली नाही. ती मागंच फुगायला लागली.

पाणी हळूहळू सानिकाच्या बोटाला लागलं.

"आलं!" ती ओरडली. "आलं बघा कुरुंदवाडात! आणि इथं एक थेंब पाऊस न्हाय पडलेला!"

या वेळी कुणी हसलं नाही. ओंकारला मात्र राहवेना. त्यानं उरलेला तांब्या चंदगडवर उपडा केला. ते पाणी पंचगंगेकडं गेलंच नाही. घटप्रभेच्या चरातून सरळ बोर्डाच्या कडेला आलं आणि भोसले सरांच्या पायावर पडलं.

"कुठं गेलं रे पाणी?" मी विचारलं.

"कर्नाटकात, सर."

"माझ्या बुटात गेलंय," भोसले सर म्हणाले.

चौगुले अजून बोर्डाकडंच बघत होते. ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "सानू, बटण चुकलंय."

"कसं काय?"

"आपलं घर पार नदीत घातलंस की. घाट हिकडं. घर वरच्या अंगाला."

"मग पाणी दारात कसं येतंय?"

"लई चढलं तरच येतंय. दरवर्षी कुठं येतंय?"

"आज्जी म्हणती, येतंय."

"आज्जीला काय हुतंय म्हणाय!"

भर वर्गात बापलेकीचं भांडण जुंपलं. सानिका म्हणाली, "मग दाखवा कुठं ते." चौगुल्यांनी तिचं बोट धरलं आणि घाटापासून वर न्यायला लागले. इथं पायऱ्या संपल्या, इथं पिठाची गिरण, इथं वळायचं, हे घर. बटणाशेजारच्या दोन बोटं जागेत हे सगळं चाललं होतं. ती वाट तिच्या पायांना पाठ होती. बोटानं ती पहिल्यांदा चालत होती. दोघंही आम्हाला विसरले होते.

बऱ्याच वेळानं चौगुल्यांनी मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज कडकच.

"सर, हे झालं भूगोलाचं. भूमितीला काय करणार?"

याचा मी विचारच केला नव्हता.

भोसले सर बूट काढून त्यातलं पाणी झटकत होते. ते मान वर न करताच म्हणाले, "गणिताच्या पोतदार सरांनाबी कणीक मळाय लावतो. तुम्ही काळजी करू नका."

चौगुल्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. "दिवाळीपर्यंत बघतो," म्हणाले. "मग ठरवू."

दिवाळी झाली. अर्ज काही आला नाही. पोतदार सर आधी महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते, कारण त्यांच्या डोक्यावर मी हे काम आणलं होतं. मग त्यांनी मैद्याच्या वळ्या करून त्रिकोण, वर्तुळं करायला सुरुवात केली, आणि आता ते कोन शिकवायला सगळ्याच वर्गांत मैदा मागतात. सानिका यंदा दहावीला आहे. परीक्षेत तिला नकाशाऐवजी दुसरा प्रश्न येतो. तो ती सोडवते आणि बाहेर येऊन म्हणते, नकाशा सोपा होता.

परवा ती नववीच्या वर्गात आली. नव्या पोरांना बोर्ड समजावून सांगत होती. मी दाराशी उभा. उत्तरेच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं आणि थबकली.

"सर, वारणा कुठं हाय?"

मी बघितलं. वारणा नव्हती. जिल्ह्याच्या सीमेवरची अख्खी नदी आम्ही विसरलो होतो, आणि वर्षभर तो बोर्ड मी प्रत्येक वर्गात मिरवला होता. नववीची पोरं खो खो हसली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर एक सल्ला देऊ शकतो. ज्या शिक्षकाला वर्गात शांतता हवी असेल, त्यानं नकाशा भिंतीवर उंच टांगावा आणि काठीनं दाखवावा. पोरांच्या हातात दिला, की ती आधी तुमच्या चुका काढतात.