स्क्रीनवर न दिसलेली उडदाची डाळ

"कॅमेरा असा लावा ताई, की याचं तोंड दिसलं पाहिजे. झोपा काढतो का मोबाईल बघतो, मला गादीवर बसून कळायला हवं."

शेठ हे गंगाधरच्या समोरच म्हणाले. गंगाधर कलर सॉर्टरच्या टेबलाशी खाली मान घालून उभा होता. मी शिडीवर होते. अशा वेळी शिडीवर असलेलं बरं, दोघांकडेही बघावं लागत नाही.

मी लातुरात कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीची कामं करते. ही डाळमिल माझं जुनं गिऱ्हाईक. शेठ तसे माणूस वाईट नाहीत, पण डोक्यात एकदा घुसलं की घुसलं. झालं होतं असं, की त्यांचा तूरडाळीचा ट्रक व्यापाऱ्यानं परत पाठवला होता. डाळीत उडदाचे पांढरे दाणे निघाले. या मिलमध्ये तूरही भरडतात आणि उडीदही, त्यामुळे थोडी सरमिसळ होतेच. "तूर मागितली होती, तुम्ही खिचडी पाठवली," असं व्यापारी फोनवर म्हणाला आणि ते शेठना फार लागलं.

ही सरमिसळ निवडायलाच कलर सॉर्टर असतो. वरून डाळ घसरत येते, मशीनमधला कॅमेरा प्रत्येक दाण्याचा रंग बघतो आणि नको तो दाणा हवेच्या झोतानं बाजूला उडवतो. पण नको तो कुठला, हे मशीनला माणसानं सांगावं लागतं. ऑपरेटर स्क्रीनवर डाळीचं चित्र थांबवतो आणि माउसनं दाखवतो, हा चांगला, हा वाईट. हे काम गंगाधरचं.

"मालक, म्या बघूनच सेटिंग केलती," गंगाधर म्हणाला. "स्क्रीनवर एक बी पांढरा दाणा नव्हता."

"मग माझ्या हातात होते ते काय, मोती?"

गंगाधर मुखेडकडचा. गावची जमीन भावाच्या हवाली करून तो लातुरात आला, कारण मुलीला इथल्या क्लासला घातलं होतं. नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर क्लास. शेठनी त्याला सांगून ठेवलं होतं, कॅमेऱ्यात एकदा सापडलास की मुखेडची एसटी धरायची. हे सगळं मला वॉचमननं चहा देताना सांगितलं. मला ते काम तेव्हापासूनच नकोसं वाटत होतं, पण आलेलं काम सोडून जाणं मला परवडत नाही.

कॅमेरा बसवून झाला. कॅमेऱ्याचं चित्र ज्या डब्यात साठतं त्याला डीव्हीआर म्हणतात. सुरुवातीचं सेटिंग करायला त्याला एखादा मॉनिटर लागतो. शेठ म्हणाले, "वेगळा कशाला? सॉर्टरचाच घ्या की, मशीन बंदच आहे." मी सॉर्टरच्या कॉम्प्युटरमधून मॉनिटरच्या केबलचं टोक काढलं आणि डीव्हीआरला लावलं. चित्र आलं. आणि मी बघतच राहिले.

शेठ बारा महिने पांढराशुभ्र सदरा घालतात. स्क्रीनवर ते नखशिखांत पिवळे होते. डोक्यावरची टोपीसुद्धा पिवळी. हळद लावून मांडवात बसवल्यासारखे दिसत होते.

मला हसू आवरलं नाही. शेठना आवडलं नाही. "कॅमेरा डुप्लिकेट आणला का ताई?"

आता हे मला लागलं. मी डुप्लिकेट माल विकत नाही. मी मोबाईलवर तोच कॅमेरा उघडून त्यांच्या पुढ्यात धरला. मोबाईलवर सदरा पांढरा होता. म्हणजे कॅमेरा आणि डीव्हीआर ठीक. मग माझ्या पिशवीतली एचडीएमआय केबल काढून डीव्हीआर आणि मॉनिटर तिनं जोडले. सदरा पुन्हा पांढरा. म्हणजे मॉनिटरही ठीक. उरली ती फक्त आधीची केबल.

ती व्हीजीए होती. निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली जुनी जाड केबल तुम्ही पाहिली असेल. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांनी जातात. पडद्यावरचा प्रत्येक रंग या तिघांच्या मिश्रणातून होतो, आणि तिघं सारखे मिळाले की पांढरा. त्यातली निळी तार तुटली तर चित्र बंद पडत नाही. लाल आणि हिरवा तेवढे पोचतात, आणि ते दोघं मिळून पिवळा होतो. एचडीएमआयचं तसं नसतं. त्यात सगळं चित्र आकड्यांत बांधून जातं. केबल बिघडली तर पडदा लुकलुकतो, ठिपके येतात, नाहीतर सरळ काळा होतो आणि 'नो सिग्नल' म्हणतो. म्हणजे निदान बोंब तरी मारतो.

मी व्हीजीएचं मॉनिटरकडचं टोक काढलं. आतल्या पिनांपैकी एक दुमडून तळाशी चिकटली होती. निळ्या रंगाचीच. प्लग उलटा धरून रेटला की असं होतं.

"मॉनिटर कुणी बसवला होता?" मी विचारलं.

गंगाधरनं छताकडे पाहिलं. शेठ घसा साफ करत म्हणाले, "मीच. जुना गेला, नवा आणला. प्लग तर लावायचा होता, त्यासाठी तुम्हाला काय बोलवायचं?"

"तेव्हापास्नंच अक्षरं पिवळी दिसून राहिली ताई," गंगाधर हळूच म्हणाला. "म्या मालकांना सांगितलं बी होतं."

"काय म्हणाले मालक?"

गंगाधर माउसची वायर गुंडाळू लागला. शेठनाच बोलावं लागलं. "मी म्हटलं, तुरीची डाळ पिवळी नाही तर काय निळी दिसणार?"

नवी व्हीजीए केबल आणायला मी दुकानात जाऊन आले, कारण सॉर्टरच्या जुन्या कॉम्प्युटरला दुसरं भोकच नव्हतं. केबल लावली, मशीन सुरू केलं आणि परत आलेल्या पोत्यातली ओंजळभर डाळ वरून सोडली. गंगाधरनं चित्र थांबवलं. पिवळ्या डाळीत उडदाचे पांढरे दाणे ठळक दिसत होते. मग मी जुनी केबल लावून तेच चित्र दाखवलं. एकही पांढरा दाणा नव्हता. सगळी तूर.

एरवी हा दोष कुणालाही लगेच दिसला असता. पण मॉनिटर बदलल्यापासून ज्या पडद्यावर तूरडाळच बघायची होती, तिथे पिवळ्या अक्षरांपलीकडे काही बिघडलंय हे कसं कळणार? गंगाधर खरं बोलत होता. त्याला ते दाणे दिसलेच नव्हते, आणि त्यानं मशीनला प्रामाणिकपणे सांगितलं होतं की हे चांगले.

शेठनी दोन्ही केबलींची तोंडं शेजारी धरून पिना मोजल्या. चूक झाली म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही, ते म्हणालेही नाहीत. शेवटी मला म्हणाले, "कॅमेरा काढून टाका मग."

"ऱ्हाऊ द्या मालक," गंगाधर म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच तो मान वर करून बोलत होता. "फकस्त त्याचं तोंड फिरवा. स्क्रीनकडं करा. मला काय दिसून राहिलं, ते तुम्हाला बी दिसू द्या."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी शिडी परत लावली. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

तेव्हापासून मी कुठलाही मॉनिटर जोडला की आधी त्यावर कोरं पांढरं पान उघडते. पांढरं पांढरं दिसलं तरच पुढचं काम. आणि गिऱ्हाईक म्हणालं की नवाच तर आहे, चालतोय की, तर मी जास्तच निरखून बघते. पार बंद पडलेल्या वस्तूनं आजवर माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला असं फसवलेलं नाही.

परवा डीव्हीआर साफ करायला गेले होते. शेठ गादीवर मोबाईल घेऊन बसले होते, कॅमेऱ्यातून सॉर्टरचा पडदा बघत. माझ्यादेखत त्यांनी आत फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"गंगाधर, स्क्रीन पिवळा दिसतोय का रे?"

"न्हाई मालक," आतून आवाज आला. "डाळ पिवळी हाय."